सातव्या रोलचे शास्त्रशुद्ध जतन

१२ एप्रिल २०२५, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. हेतू निव्वळ शास्त्रीय नोंदीचा. वाचक अपेक्षित नाही. पुढेमागे एखाद्या अभ्यासकाच्या हाती ही वही लागलीच तर अक्षर सुवाच्य असावे, एवढ्यासाठी शाईचे पेन वापरतो आहे.

काल पुलगावहून उज्वला आली. माझी जुनी विद्यार्थिनी. आता तिथेच शाळेत शिक्षिका. सोबत तिचे आजोबा दौलतराव, वय अठ्ठ्याऐंशी, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात बारा कागदी रोल. आपोआप वाजणाऱ्या पियानोचे. खताच्या पोत्यात! दोन मिनिटे मला बोलता आले नाही. लग्नाला सदतीस वर्षे झाली, असे प्रथमच घडले, असे सरिताने नंतर सांगितले.

स्वतःपुरती का होईना, व्याख्या स्वच्छ असावी. या पियानोवर बसणाऱ्याला संगीत येण्याची गरज नसते. पाय चालले पाहिजेत. पायडल मारले की आतले भाते हवा ओढून घेतात. समोरून कागदाचा लांब रोल सरकत जातो. त्या कागदाला बारीक भोके पाडलेली असतात. एखादे भोक पितळी पट्टीवरच्या आपल्या नळीसमोर आले की हवा आत शिरते आणि त्या नळीची हातोडी तारेवर पडते. भोक आखूड तर सूर आखूड, भोक लांब तर सूर लांब. म्हणजे कागद हे केवळ शरीर. संगीत असते ते भोकांत. किती सुंदर तत्त्व! तेहतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, पण वायुदाबाचे इतके देखणे उदाहरण हाती लागले नव्हते. सरिताला समजावून सांगितले. चाळीस मिनिटांत समजले. मध्ये ती भाजी फोडणीला टाकून आली.

हकीकत अशी. पुलगावात साहेबलोकांचा एक क्लब होता. तिथे शनिवारी संध्याकाळी पायडल मारण्याचे काम दौलतरावांच्या वडिलांकडे होते. क्लब मोडला, साहेब गेले, पियानो वडिलांच्या घरी आला. दौलतराव त्याला पायपेटी म्हणतात. हा शब्द चुकीचा आहे, हे मी त्यांना सांगितले. उज्वलाने गेल्या वर्षी नागपूरच्या एका हार्मोनियमवाल्याकडून त्याचे भाते नवीन चामड्याने बांधून घेतले आहेत. वाद्य तयार आहे. रोल जीर्ण आहेत.

दौलतरावांना हवा आहे फक्त सातवा रोल. लेबल फाटलेले, गत कोणती ते कोणालाच ठाऊक नाही. क्लब बंद करताना तोच वाजवत, म्हणजे साहेबांनी उठावे. लहानगे दौलतराव बाहेर पायरीवर बसून वाट पाहत. त्यांचे शब्द जसेच्या तसे: “सातवा वाजला का बाप सुटला. मंग आमी दोघं घरी. मले तो एकडाव ऐकाचा आहे, कान आहेत तोवर.”

उजवा कान गेलेला आहे. डाव्याची डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत आशा दिली आहे, पुढचे सांगता येत नाही म्हणाले. त्यामुळे येत्या रविवारीच वाजवू, असे उज्वलाचे मत. मी ठाम नकार दिला. प्रत्येक वादनाने कागद ताणला जातो. जतन न केलेला रोल वाजवणे म्हणजे टाके न घालता जखमी माणसाला पळायला लावणे. आधी जतन, मग वादन. दौलतराव सगळे शांतपणे ऐकत होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो होतो, हे ते गेल्यावर लक्षात आले.

१३ एप्रिल

तत्त्वे निश्चित केली. थंड जागा, कोरडी जागा, अंधारी जागा. रोल आडवे ठेवावेत, उभे नव्हेत. रबरबँड नको: त्या वितळून कागदाला चिकटतात. (तीन चिकटल्या आहेत.) सेलोटेप तर नकोच नको. गुंडाळताना सैल गुंडाळून मग ओढून घट्ट करू नये. थर एकमेकांवर घासतात. आम्लविरहित कागदाची खोकी मुंबईहून मागवली.

घरात थंड, कोरडी आणि अंधारी अशी एकच खोली आहे. आमची झोपण्याची, एसीची. रोल तिथे हलवले. सरिता हॉलमध्ये हलली. मीही हलणार होतो, परंतु निरीक्षणासाठी कोणीतरी खोलीत असणे आवश्यक.

२० एप्रिल

बाहेर ४४. आत २५, आर्द्रता ४६ टक्के. आदर्श! हायग्रोमीटर दर दोन तासांनी पाहतो. सरिता म्हणते की इतक्या वेळा तुम्ही मला ताप असतानाही पाहिलं नव्हतं. हायग्रोमीटर ताप दाखवत नाही, हे तिच्या लक्षात आणून दिले.

उज्वलाचा फोन. आजोबा विचारतात, कधी? सांगितले: योग्य वेळी.

४ मे, दुपारी ३

एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणतो चार दिवस. खोलीत ४१. आणीबाणी. तत्परतेने हॉलमधला कूलर उचलून खोलीत लावला. खसाच्या नव्या ताट्या. तासाभरात ३०. संकटात डोके शांत ठेवणे महत्त्वाचे.

सायंकाळी ७. आर्द्रता ८१ टक्के. कूलर हवा थंड करतो ती पाण्याच्या बाष्पीभवनाने, आणि ते बाष्प खोलीतच राहते. हे मी बारावीला दर वर्षी शिकवत असे. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न.

५ मे

रोल फुगले आहेत. मुंबईच्या खोक्यांत मावत नाहीत. खोकी निकृष्ट असावीत.

सिलिका जेल आणले होते, ओले झाले. ते सरिताच्या कढईत भाजून कोरडे केले. शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य पद्धत. कढईबद्दल बोलणे झाले. त्याची नोंद अनावश्यक.

१८ मे

एसी दुरुस्त. रोल सुकले. मात्र दुसऱ्या आणि सातव्याच्या कडा दुमडून काही ठिकाणी फाटल्या आहेत, आणि सातव्याच्या सुरुवातीच्या हातभर पट्ट्यात कसर लागून कागद कुरतडलेला दिसतो. हे नुकसान अर्थातच पूर्वीचे.

सरिताने आज मागल्या वर्षीच्या कुरडयांचा पत्र्याचा डबा उघडला. वर्ष झाले, एकही किडा नाही, कुरडई कडक. तळाशी कडुनिंबाचा पाला, घट्ट झाकण, बास, असे म्हणाली. तिच्या आवाजात काही सुचवणे होते. कुरडई आणि संगीत यांतला फरक मी तिला सांगितला. तिने तळलेल्या चार कुरडया ताटात वाढल्या. उत्तम होत्या.

१ जून

फाटलेला कागद जोडणारा माणूस मिळाला! नत्थूजी. सरकारी रेकॉर्ड रूममधून निवृत्त. एकतीस वर्षे एकच काम: कसरीने खाल्लेल्या जुन्या जमीन-नोंदींना पातळ टिश्यू कागद गव्हाच्या खळीने चिकटवणे. बोटे अशी की फुलपाखरू पकडावे आणि त्याला कळू नये. घरी आले, जय भीम केला, चष्मा बदलला आणि आमच्या दारातले फाटलेले कॅलेंडर बोलता बोलता जोडून टाकले. जोड शोधून सापडला नाही.

खळीची अट मीच घातली. पाण्याने सुटते, चूक झाली तर उलट करता येते. जतनशास्त्राचे पहिले तत्त्व.

२ जून

दिवसभर नत्थूजींसाठी कार्यपुस्तिका लिहिली. चौदा पाने, अकरा प्रकरणे. हात धुण्यापासून सुरुवात. भाषा मुद्दाम काटेकोर ठेवली आहे, म्हणजे संदिग्धतेला जागा नको. विशेष समाधान देणारे वाक्य, प्रकरण ४, कलम ३: “कागदावर आढळणारे प्रत्येक छिद्र, ते कितीही सूक्ष्म असो, मागील बाजूने टिश्यू लावून पूर्णतः हवाबंद करावे.” असे वाक्य एकदा जमले की माणूस दिवसभर आनंदात असतो.

पियानोचे तत्त्व पुस्तिकेत घेतले नाही. कारागिराला कृती हवी असते, सिद्धान्त नव्हे. उगाच गोंधळ होतो.

सरिताने विचारले, त्याला भोकांचं सांगितलं का? म्हटले, चौदा पाने आहेत, सगळे त्यात आहे.

३ जून

काम सुरू. खोलीत एका वेळी एकच व्यक्ती, हा नियम प्रकरण ९ मध्ये आहे, कारण प्रत्येक श्वासातून आर्द्रता बाहेर पडते. त्यामुळे मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो आणि तिथूनच मार्गदर्शन केले. कागदाच्या तंतूंविषयी सुमारे तासभर बोललो. जेवायच्या सुट्टीत नत्थूजी बाहेर आले तेव्हा कळले की कामाच्या वेळी ते कानात कापूस घालतात. रेकॉर्ड रूममधली सवय.

१४ जून

नत्थूजींचा पहिला अहवाल. प्रारंभ सातव्यापासून केला आहे. म्हणाले, “साहेब, कागद तं चाळणी आहे. पाच हजार फेरफार जोडले, पर अशी कसर नाई पाह्यली.”

म्हणजे नुकसान मला वाटले त्याहून मोठे. वेळेवर हाती घेतले म्हणून बरे. पोत्यात आणखी एक पावसाळा काढला असता तर काय राहिले असते?

बंद केलेल्या छिद्रांची संख्या रोज संध्याकाळी नत्थूजींकडून घेऊन एक्सेलमध्ये भरतो. आजवर २८६. आलेख सुरेख चढता.

३० जून

६७१.

उज्वलाचा फोन. आजोबांना आता टीव्ही मोठा करावा लागतो. तिने विचारले की सर, आत्ता आहे तसा एकदा वाजवून पुन्हा नाही का दुरुस्त करता येणार? समजावले की अर्धवट उपचार झालेला रोल यंत्रावर चढवणे सर्वांत धोकादायक. ती म्हणाली, धोका कोणाला सर, रोलला का? म्हटले, हो. तिने फोन ठेवला. विषय पटला असावा.

संकल्प: जुलैअखेर पूर्ण.

१९ जुलै

१,२३८. बाहेर पाऊस, आत ५१ टक्के. डीह्युमिडिफायर लावला. त्याच्या आवाजाने मला झोप नाही. सरिताला हॉलमध्ये उत्तम झोप लागते, असे ती आपणहून सांगत असते.

नत्थूजींचे एक निरीक्षण नोंदवण्यासारखे. छिद्रे ओळीने आहेत, अगदी पट्टी लावल्यासारखी, आणि रुंदी सगळ्यांची सारखी. काऊन साहेब, असे त्यांनी विचारले. मी विचार करून उत्तर दिले की कीटकांच्या वर्तनात अशी नियमितता आढळते. मधमाशीचे पोळे पाहा. कसर पुलगावची असल्याने, गिरणीच्या गावची शिस्त तिच्यातही उतरली असणे अशक्य नाही. नत्थूजींनी चष्मा काढून पुसला. मग कानात कापूस घालून आत गेले.

स्वतः आत जाऊन पाहावे असा विचार क्षणभर आला. परंतु प्रकरण ६: जतनाधीन वस्तू विनाकारण उलगडू नये. नियम करणाऱ्यानेच तो मोडला तर नियमाला अर्थ काय?

२२ ऑगस्ट

१,९८०. कसर इतके खाते? असो. आकडा बोलतो.

जुलैअखेरचा संकल्प ऑगस्टअखेर केला आहे. मधल्या काळात चार दिवस नत्थूजी नातीच्या बारशाला गेले होते. विज्ञान थांबू शकते, बारसे नाही.

१२ सप्टेंबर, दुपारी १२.२०

पूर्ण! सातवा रोल. एकूण छिद्रे २,४१६. सर्व बंद. नत्थूजींनी शेवटचा तुकडा बसवून हात धुतले आणि बाहेर येऊन सांगितले की आता हा कागद शंभर वर्षं हलत नाही. त्यांचे डोळे थकले आहेत. माझेही, आलेख मोठ्या पडद्यावर पाहून.

नत्थूजींना एक शाल द्यावी, असे सरिताला सुचवले. ती म्हणाली, आधी वाजू तर द्या.

उज्वलाला कळवले. तिने विचारले, या रविवारी? मी दसरा सुचवला. अशा गोष्टीला मुहूर्ताची नव्हे, पण तयारीची गरज असते. मला प्रास्ताविक लिहायचे आहे. नत्थूजी म्हणाले, दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर असतात, गेली चाळीस वर्षे. मग ५ ऑक्टोबर.

२७ सप्टेंबर

प्रास्ताविक तयार. पंचेचाळीस मिनिटे. सरिताला वाचून दाखवले. आता वीस मिनिटे.

५ ऑक्टोबर, सायंकाळ. पुलगावहून परतताना, गाडीत.

अक्षर सुवाच्य नाही. गाडी हलते.

जे घडले ते क्रमाने.

दौलतरावांच्या घरी साडेदहाला पोचलो. मी, सरिता, नत्थूजी. नत्थूजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. शेजारची दोन-चार माणसे. दौलतरावांना पियानोच्या अगदी जवळ खुर्ची दिलेली, डावा कान वाद्याकडे. केस नीट विंचरलेले. मी प्रास्ताविक केले. वायुदाब, तंतू, कसर, आलेख. एका शेजाऱ्याने आलेखाची छापील प्रत मागितली. वारा घेण्यासाठी मागितली, हे नंतर दिसले.

रोल मी स्वतःच्या हातांनी बसवला. उज्वला पायडलवर. कागद सरकू लागला. एक सुरकुती नाही, एक अडखळ नाही. असा रोल मी पाहिलेला नाही. (इतर कोणताच पाहिलेला नाही.)

भात्यांचा श्वास ऐकू येत होता. बाकी काही नाही.

मला वाटले, आरंभी विराम असावा. मोठ्या रचनांत असतो. उज्वला पायडल मारत राहिली. दौलतराव पुढे झुकले. मग आणखी झुकले. मग त्यांनी तळहात लाकडावर ठेवला. मिनिटभर तसेच. 

मग ते मागे टेकले आणि सावकाश म्हणाले, “गेले वाटते कान.”

उज्वलाने माझ्याकडे पाहिले. येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, ती नोंदवतो. त्या क्षणी मला समजले होते. सगळे नाही, पण पुरेसे. आणि मी मान हलवली. हो, गेले असावेत, अशी.

तेवढ्यात आत स्वयंपाकघरात कुकर वाजला. दौलतराव वळून म्हणाले, “उज्वला, तिसरी शिट्टी झाली, डाळ लागन.”

उज्वलाचे पाय थांबले. कागद थांबला. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, मग सगळे माझ्याकडे.

नत्थूजींना ही शांतता कौतुकाची वाटली. ते उठून वाद्यापाशी गेले, कागदावरून बोट फिरवले आणि दौलतरावांच्या डाव्या कानाशी वाकून सांगितले, “पाहा बावाजी, एक भोक दिसते का. एक बी ठेवलं नाई म्या.”

दौलतरावांनी कागदाकडे पाहिले. मग विचारले, बुजवायचं कोणं सांगतलं? नत्थूजींनी शर्टाच्या खिशातून कार्यपुस्तिका काढली. चार घड्या, जपून ठेवलेली. प्रकरण ४, कलम ३ त्यांनी मोठ्याने, एकेक शब्द लावून वाचले. ‘कितीही सूक्ष्म असो’ पर्यंत आल्यावर ते थांबले. मग त्यांनी पुस्तिका माझ्या हातात दिली आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही नोंद खराब झाली नव्हती, असे त्यांनी सरिताला सांगितले. मला नाही.

सरिता गाडीत खिडकीकडे बसली आहे. बोलली असती तर बरे.

६ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. घटनेचे विश्लेषण.

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ‘कसरीने केलेले’ हे दोन शब्द राहिले, एवढेच. शिवाय खळ वापरल्याने सगळे उलट करता येते. ही अट माझी होती, हे विसरून चालणार नाही. त्या अर्थाने प्रयोग यशस्वीच. नवी कार्यपुस्तिका लिहावी: ‘छिद्रे पुनश्च उघडण्याची पद्धत’.

दुपारी. सरिता म्हणाली, ते पेन इकडे द्या.

९ ऑक्टोबर

नत्थूजी आमच्याकडे काम करणार नाहीत. एक दिवसाआड पॅसेंजरने पुलगावला जातात. दौलतरावांच्या शेजारी बसून ओल्या कापसाने एकेक तुकडा सोडवतात. कानात कापूस नाही, असे उज्वलाने सांगितले. दोघे दिवसभर गप्पा मारतात. दौलतरावांना ऐकू येईल अशा मोठ्या आवाजात. गल्लीला नत्थूजींच्या सगळ्या नोकरीची हकीकत माहीत झाली आहे.

मदतीला येऊ का, असे मी विचारले. दौलतरावांचा निरोप: सरांले म्हणा, चहाले येजो.

उरलेले अकरा रोल सरिताने पत्र्याच्या डब्यात ठेवले. खाली कडुनिंबाचा पाला. मी हायग्रोमीटर आत ठेवू का विचारले. तिने झाकण लावले.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. डॉक्टरांची मुदत आज. उज्वलाचा फोन: आजोबांना फटाके ऐकू आले, मोठे तेवढेच. ५५० भोके मोकळी झाली आहेत. आलेख काढलेला नाही.

सरिता झोपायला खोलीत परतली. मी हॉलमध्ये.

२ नोव्हेंबर

आज पुलगावला गेलो, चहाला. नत्थूजी म्हणाले, सुरुवातीचा तिसरा हिस्सा मोकळा झाला आहे, बावाजी थांबायला तयार नाहीत. उज्वलाच्या पायात गोळा आला होता. दौलतरावांनी माझ्याकडे बोट केले. मी बसलो. वायुदाबाविषयी दोन शब्द बोलणार, तोच ते म्हणाले, “सर, बोलू नका, पाय मारा.”

पाय मारले.

वाजले. मिनिटभर, थोडे अधिक. मधले काही सूर गळलेले. साधीशीच गत, नाचायची असावी. नत्थूजी दौलतरावांकडे पाहत होते, दौलतराव दाराकडे. मग न उघडलेला भाग आला आणि आवाज थांबला. भात्यांचा श्वास तेवढा राहिला. दौलतरावांना तो शेवटच वाटला असावा, किंवा तेवढेच पुरे होते. ते काठी घेऊन उठले, म्हणाले, “चाल. बाप सुटला,” आणि नत्थूजींचा हात धरून ओट्यावर गेले. उज्वला मागोमाग गेली. सरिताही.

थांबा असे मला कोणी म्हणाले नाही. उरलेला रोल, सुमारे सोळाशे तुकड्यांचा, मी शेवटपर्यंत पायडल मारून संपवला. काहीही वाजले नाही. मग उलटा गुंडाळला. सैल नाही, घट्ट नाही.

आर्द्रता मोजली नाही.